संध्याच्या हातचं कुलूप

मुलांनो, आज गोष्ट ऐकताना थोडं काम तुम्हालाही करायचं आहे. कल्पना करा, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात. सकाळचे पावणेअकरा वाजलेत. पाठीला दप्तर आहे, पायात शाळेचे बूट आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या दारात तुम्ही उभे आहात. घरात आई आहे. ती झोपलेली नाही. खिडकीपाशी बसून तुमच्याकडे बघते आहे. आता दार ओढून घ्या. कडी घाला. कडीत कुलूप अडकवा आणि दाबा. खट्ट असा आवाज आला ना? तो आतही ऐकू जातो. आता शाळेत जा आणि भूगोलाच्या तासाला लक्ष द्या.

जमलं का? नसेल जमलं तर बरंच आहे. संध्याला मात्र हे रोज करावं लागायचं.

संध्या नाशिकला इंदिरानगरात राहायची. १९९९ साल होतं. तेव्हा तिथं इमारती भराभर उभ्या राहत होत्या, आणि त्याआधी तिथं आणि पुढे पाथर्डी शिवारात शेतं होती. संध्याच्या घरच्यांची तीन एकर फुलशेती त्यातलीच. गुलाब, शेवंती, झेंडू. तिची आई लताबाई उजाडायच्या आधी वाफ्यात शिरायची आणि दिवस वर येईपर्यंत पाट्या भरून फुलबाजारात पोचलेली असायची. तिथं भिमाबाई नावाच्या मैत्रिणीशेजारी पोतं अंथरून ती बसायची. हार ओवायची, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची, दुपारी घरी येऊन परत वाफ्यात. हात कधी रिकामे नसायचे.

मग जमीन विकली गेली. ठरवलं संध्याच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी. सातबाऱ्यावर लताबाईचं नाव नव्हतं, त्यामुळे तिची सही लागली नाही, आणि सही लागत नाही म्हटल्यावर तिला विचारायचंही कुणाला सुचलं नाही. तिला कळलं ते मोजणीची माणसं वाफ्यात चुन्याच्या रेघा मारायला आली तेव्हा. शेवंती कळ्यांवर होती.

संध्याचे वडील निवृत्ती, ती त्यांना अण्णा म्हणायची. ते दुष्ट नव्हते. त्यांनी फ्लॅट घेतला, विटा-वाळू वाहायला टेम्पो घेतला. बायकोला आता चिखलात राबावं लागणार नाही, याचा त्यांना खरंच आनंद झाला होता. "आता आराम कर," ते म्हणाले. लताबाईनं पहिल्या दिवशी फरशी तीनदा पुसली.

आता एक रीत तुम्हाला माहीत असायला हवी. तिला सावड म्हणतात. मळ्यांमध्ये कामाची घाई असली, की सगळ्या घरच्या बाया मिळून आधी एकीच्या शेतात काम करतात, मग दुसरीच्या. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. यात बोलावणं लागत नाही. शेजारणीची छाटणी राहिलेली दिसली, की कात्री घेऊन जायचं. ती परतफेडीला येतेच.

दसरा होऊन गेला, तशी गुलाबाच्या छाटणीची वेळ आली. खाली सोसायटीच्या फाटकाशेजारी सेक्रेटरी बोरस्ते यांचा बंगला होता आणि त्यांच्या अंगणात गुलाबाची चौदा झाडं नुसती काठ्यांसारखी वाढली होती. लताबाई वरून रोज ती बघायची आणि तिचा जीव तुटायचा. एका सकाळी ती छाटणीची कात्री घेऊन खाली उतरली. तासाभरात तिनं चौदाही झाडं हातभर उंचीवर आणली. फांद्या गोळा करून बाजूला रचल्या आणि पायरीवर घाम पुसत बसली.

बोरस्तेकाकू बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. "अहो, बघा हो! हिनं सगळी झाडं मारून टाकली!"

"मारली नाय बाई," लताबाई म्हणाली. "दीड महिन्यात बघाल. आता तुम्ही या माझ्याकडं."

"कुठं?"

लताबाईनं मागं वळून पाहिलं. मागं चार मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेला संध्याचा शाळेचा फ्रॉक दिसत होता. ती बघत राहिली आणि मग तिला हसू आलं. "वाफाच नाय ना आता," ती स्वतःशीच म्हणाली, आणि हसतच राहिली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिचं हसू थांबेना.

तोवर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

दोन दिवसांत सोसायटीचा अर्ज आला. सदर महिला मनोरुग्ण असून लहान मुलांना तिच्यापासून धोका आहे, तिच्या हातात धारदार हत्यार असते, सबब तिला बाहेर सोडू नये, नाहीतर पोलिसांत तक्रार करण्यात येईल. खाली अकरा सह्या. त्यात डॉक्टरची एकही नव्हती.

अण्णांनी तो अर्ज दोनदा वाचला. पोलीस या शब्दाला ते फार भ्यायचे. शिवाय या इमारतीत ते नवखे होते. जिन्यात कुणी भेटलं, की भिंतीला चिकटून वाट द्यायचे.

"चार दिवस," ते संध्याला म्हणाले. "लोकं जरा थंड होऊ दे. मी आठलाच निघतो. तू शाळेत जाताना कुलूप लाव, आल्यावर काढ. आईच्या जेवणाचं भांडं झाकून ठेव जवळ. समजलं?"

"आईला सांगितलं का?"

"तिला काय सांगायचं? तिच्याच भल्यासाठी हे."

चार दिवसांचे आठ झाले. दिवाळी आली आणि गेली.

पहिल्या आठवड्यात आईनं दार वाजवलं. हाका मारल्या. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, बघा, आता हिंसक व्हायला लागली. मग तिनं हाका मारणं सोडलं आणि ती खिडकीच्या जाळीशी बसून स्वतःशी बोलू लागली. लोक म्हणाले, एकटीच बडबडते. मग ती बोलेनाशी झाली. तर म्हणाले, आता काही खरं नाही.

मुलांनो, इथं जरा थांबा आणि मला सांगा, काय आधी झालं आणि काय नंतर? संध्यानं हे मनाशी नीट मांडून पाहिलं होतं. कुलूप लागलं त्या दिवशी आई केस विंचरत होती, जेवत होती, संध्याची वेणी घालून देत होती. केस विंचरणं सुटलं ते तिसऱ्या आठवड्यात. जेवण अर्ध्यावर आलं ते दिवाळीनंतर. आणि बोटं? आई मांडीवर ठेवलेल्या रिकाम्या हातांची बोटं हलवत राहायची, चिमटीत देठ धरून कळी खुडावी तशी. पण मोठी माणसं उलटं म्हणत होती. ती अशी आहे म्हणून कुलूप आहे. संध्या अकरा वर्षांची. मोठ्या माणसांपेक्षा आपल्याला जास्त कसं कळेल, असं तिला वाटायचं.

डिसेंबर लागला आणि बोरस्त्यांच्या चौदा झाडांवर इतके गुलाब आले, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. बोरस्तेकाकू ते परडी भरभरून देवाला वाहायच्या. अर्ज मात्र कुणी मागं घेतला नाही.

कुलूप आईला होतं, पण संध्याही मोकळी नव्हती. दार लावून ती जिना उतरायची, फाटकापर्यंत जायची, आणि परत वर येऊन कुलूप ओढून बघायची. कधी दोनदा. शाळेत मैत्रिणींनी विचारलं, की सांगायची, "आई चांदवडला मामाकडे गेलीय." त्यामुळे कुणाला घरी बोलावता येईना.  मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता बसायची, कारण तेव्हाच आईनं घरात झाकलेलं भांडं उघडलं असेल की नसेल, हे मनात यायचं.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली, तर दाराबाहेरच्या पायरीवर एक जाड बाई पाटी मांडीवर घेऊन बसली होती आणि बंद दाराशी बोलत होती.

"अगं ए लते! तिसऱ्या माळ्यावर जाऊन बसली, मला काय पंख हेत का? गुडघे नुसते बोंबलायला लागले."

आतून काही नाही.

"मोठी फ्लॅटवाली झाली बाई. बोलत नाय आता गरिबाशी."

आतून काही नाही. ती भिमाबाई होती. तिनं पाटीतली शेवंती उगाच खालीवर केली. नाक ओढलं.

"नको बोलू. मीच बोलते. तुझ्या जागेवर दोन नव्या पोरी बसवल्यात. त्या हार ओवतात का उसवतात, तेच कळत नाय. परवा एका नवरदेवाच्या गळ्यातच तुटला. आख्खी वरात फुलं वेचत होती."

दाराच्या आतून, अगदी खालून, आवाज आला. "दोरा पिळला नसंल."

संध्या जिन्यातच थांबली. आईचा आवाज तिनं अठरा दिवसांनी ऐकला होता.

"तेच तर! दोरा पिळायचा असतो, हे सांगायचं कुणी त्यांना?" भिमाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तेवढ्यात तिला संध्या दिसली. "किल्ली कुणाकडं हे?"

"माझ्याकडे."

"मग मी पायरीवर कशाला बसले गं?"

"अण्णांनी सांगितलंय, कुणी असताना उघडायचं नाही."

भिमाबाई तिच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. ओंजळभर शेवंती तिनं संध्याच्या फ्रॉकच्या घोळात टाकली. "तिला दे. आणि सांग, माझ्या शेजारचं पोतं केव्हाबी मोकळं करते म्हणावं." मग प्रत्येक पायरीला आई गं, आई गं करत ती खाली गेली.

आईनं जुन्या लुगड्याच्या काठाचा दोरा काढला, पिळला आणि ती सगळी शेवंती ओवून ठेवली. अण्णांनी घरी आल्यावर तो हार पाहिला. कुठून आला, कोण आलं होतं, हे त्यांनी संध्याकडून काढून घेतलं. आईसमोरच, पण आईला एक शब्द न विचारता.

"उघडलं होतं का?"

"नाही."

"हे बघ संध्ये. तुझ्यावर भरवसा म्हणून किल्ली तुझ्याकडं हे. उद्या ती बाहेर पडली आणि हायवेला ट्रकखाली गेली, तर कुणाच्या नावावर जाईल ते? आं?"

तेव्हापासून संध्या तीनदा परत वर यायला लागली.

जानेवारी उजाडला. शाळेत गुरुवारी सातव्या तासाला नागरिकशास्त्र असायचं. ते शिकवायच्या प्रतिभाबाई. मूलभूत हक्कांचा धडा चालू होता आणि निम्मा वर्ग पेंगत होता. बाई सांगत होत्या, की पोलिसांनी कुणाला पकडलं तर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायाधीशापुढे उभं करावंच लागतं. का पकडलं ते त्याला सांगावं लागतं.

"चोरालासुद्धा?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"चोरालासुद्धा. आपल्या मर्जीनं कुणाला कोंडून ठेवता येत नाही."

संध्या उभी राहिली. उभं राहायचं तिनं ठरवलं नव्हतं. "बाई, आणि चोर नसेल तर?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे?"

"चोर नसेल आणि त्र्याहत्तर दिवस झाले असतील तर?"

शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा संध्यानं खरं सांगितलं. सांगताना ती बाईंकडे न बघता फळ्याकडे बघत होती, आणि शेवटी म्हणाली, "कुलूप मीच लावते."

बाईंनी तिला आपल्या खुर्चीशेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला दुःख झालंय, संध्या. कदाचित आजारही असेल. मनालाही आजार होतो, ताप येतो तसा. सरकारी दवाखान्यात त्याचे डॉक्टर असतात, औषधं असतात. पण कुलूप हे औषध नाही. धडधाकट माणसाला अडीच महिने कोंडलं तरी ते असंच होईल. मी रविवारी घरी येते. तुझ्या वडिलांशी बोलते. तोवर धीर धर."

रविवारपर्यंत तीनच दिवस होते. त्या संध्याकाळी संध्या पहिल्यांदाच दोन-दोन पायऱ्या घेत जिना चढली. पण अण्णा आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढून तिच्याआधीच घरी आले होते, आणि कुणाशी तरी बोलून, काही ठरवून आल्यासारखे दिसत होते.

"परवा शनिवारी सकाळी जीप येईल," ते म्हणाले. "लांब एक ठिकाण हे. अशा लोकांना ठेवतात. दोन-चार वर्षांत बऱ्या होतात म्हणे काही बाया."

"आणि बाकीच्या?"

अण्णा टोपीवरची धूळ झटकू लागले. "तू आजीकडं राहशील. टेम्पोवर माझी मला फुरसत नाय. लय झालं संध्ये. मी पण माणूसच हे."

ते भिंतीला टेकून बसले. आई खिडकीशी होती. सगळं तिच्यासमोर, चार हातांवर चाललं होतं. तिची बोटं मात्र हलायची थांबली होती.

शुक्रवारी अण्णा आठला गेले. पावणेअकरा वाजले. संध्यानं दप्तर भरलं, बूट घातले, भांडं झाकून ठेवलं. दारात उभी राहिली. कुलूप हातात होतं, त्र्याहत्तर दिवसांच्या सवयीनं हात पुढे झाला आणि तिथंच राहिला. बाई रविवारी येणार. जीप शनिवारी.

आणि ट्रक? हायवे? आई खरंच पळत सुटली तर?  ती दारातच खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "तुला जायचंय का?"

आईनं मान वळवली. खूप दिवस न वापरलेल्या आवाजात तिनं विचारलं, "अण्णांना विचारलं का?"

"नाही. तुलाच विचारते."

मुलांनो, हा एवढासा प्रश्न. पण वाफे गेले तेव्हा, फ्लॅट घेतला तेव्हा, कुलूप लागलं तेव्हा तो कुणीच विचारला नव्हता. लताबाईला तो लगेच कळलाही नाही. ती लेकीच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मग उठली, मोरीत गेली, तोंड धुतलं. फणी शोधली. केसांत इतक्या गाठी झाल्या होत्या, की फणीचे दोन दात तुटले.

"भिमीकडं," ती म्हणाली.

जिना उतरताना तिला चक्कर आली. दर सहा पायऱ्यांनी ती कठडा धरून थांबायची. फाटकाशी ऊन लागलं तसे तिनं डोळे घट्ट मिटले. बोरस्तेकाका पेपर वाचत होते. ते उठलेच. "अगं ए मुली! हिला कुठं नेतेस?"

संध्या वळली. "मी नेत नाही, काका. तीच चाललीय. मी सोबत आहे."

"निवृत्तीला माहीत आहे का?"

दोघी पुढे निघाल्या होत्या. शहर बसमध्ये संध्यानं आईचा हात इतका घट्ट धरला, की आईच म्हणाली, "दुखतंय गं."

फुलबाजारात भिमाबाईनं त्यांना पाहिलं. ती रडेल असं संध्याला वाटलं होतं, पण ती शेजारच्या पोरींवर खेकसली, "सरका गं, मालकीण आली!" आणि पोतं झटकून टाकलं. आई बसली. पहिले दोन हार तिला जमले नाहीत. सुई बोटात गेली. तिसरा जमला. ती फारसं बोलत नव्हती, कुणी मोठ्यानं ओरडलं की दचकत होती, मधेच काम थांबवून रस्त्याकडे बघत बसायची. ती बरी झाली होती असं मी म्हणणार नाही. पण दुपारी भिमाबाईच्या डब्यातली भाकरी तिनं सबंध खाल्ली.

चारच्या सुमारास अण्णा आले. बोरस्त्यांनी निरोप पाठवला असणार. अंगावर विटांची लाल धूळ, डोळे घाबरलेले. सगळ्या बाजारासमोर ओरडावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"चल घरी," ते आईला नाही, संध्याला म्हणाले. "काय केलंस हे? काय म्हणते ती? तिला कळतंय का काही?"

"तिला विचारा," संध्या म्हणाली.

"काय?"

"अण्णा, ती इथंच आहे. तिला विचारा ना."

 अण्णांनी आईकडे पाहिलं. मग नजर खाली घेतली, मग परत पाहिलं. आणि अवघडून, परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "उद्या जीप येती हे. जायचं का तुला?"

आईच्या हातातली सुई थांबली होती. संध्याला वाटलं, आता ती काहीच बोलणार नाही, आणि मग सगळं संपलं. शेजारी एक गिऱ्हाईक झेंडूसाठी घाई करत होतं.

"नाय जायची," आई म्हणाली. जरा वेळानं पुढे म्हणाली, "दवाखान्यात येईन. सरकारी. डोकं जड असतं माझं, झोप नाय. पण कुलूप नको, निवृत्ती."

तिनं त्यांना नावानं हाक मारलेली संध्यानं कधीच ऐकली नव्हती. अण्णांनीही बहुतेक ऐकली नसावी. ते पोत्याच्या कडेला उकिडवे बसले. टोपी काढली, परत घातली. "सोसायटीवाले..." ते म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं. "जीपवाल्याला तर फोन करून सांगितलंय मी. तो उद्या सातला येऊन उभा राहील."

ते तसेच बसून राहिले. 

तेव्हा संध्या उठली. दप्तराच्या कप्प्यातून तिनं परतीच्या बससाठी ठेवलेलं एक रुपयाचं नाणं काढलं आणि वडिलांच्या धुळीनं भरलेल्या हातात ठेवलं. त्यांचं मनगट धरून तिनं त्यांना उभं केलं, रस्ता ओलांडून पलीकडच्या पिवळ्या पाटीच्या फोनबूथपर्यंत नेलं, आणि बूथचं काचेचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं.